कोकणात अडकलेली शी : साडेचार वर्षांच्या एका मुलाची केस

मी एका बालरोगतज्ज्ञांच्या क्लिनिकमध्ये आहारतज्ज्ञ म्हणून बसते. माझ्याकडे येणाऱ्या आयांच्या तक्रारी साधारण दोनच, एक म्हणजे 'खात नाही' आणि दुसरी 'होत नाही'. होत नाही म्हणजे शी होत नाही, आणि हा विषय एवढा कॉमन असूनही त्यावर लोक कुजबुजतच बोलतात, त्यामुळे ज्याच्या त्याच्या घरात वाटतं की आपल्याच पोराला काहीतरी विचित्र झालंय. म्हणून एक केस पूर्ण लिहून काढतेय. घरच्यांना विचारलंय, नावगाव आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत, मुलाला आपण सोनू म्हणू.

घर चिंचवडचं. आई पतसंस्थेत, बाबा चाकणला शिफ्टमध्ये, आजी म्हणजे बाबांची आई घरीच असते, सोनू साडेचार वर्षांचा आणि पाठची बहीण दीड वर्षाची. सोनूचं डायपर तीन वर्षांच्या आत सुटलं होतं आणि ते श्रेय सगळं आजीचं, सकाळी त्याचं दूध पिऊन झालं की आजी बाथरूमच्या दारात प्लास्टिकचं स्टूल टाकून बसायची, तो आत कमोडवर, आणि दोघांच्या गप्पा चालायच्या. रोज नाहीतर एक दिवसाआड, मऊ, विनातक्रार. हे मुद्दाम सांगतेय कारण पुढे सगळे म्हणायला लागले की याला पहिल्यापासूनच बद्धकोष्ठाचा त्रास आहे, तर तसं अजिबात नव्हतं.

मे महिन्यात सगळे गुहागरजवळ बाबांच्या मावशीकडे गेले. कऱ्हाड, पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरून चिपळूण आणि तिथून पुढे. मुलं लहान असलेल्या घरात गाडीने निघताना जे सगळीकडे होतं तेच इथेही झालं, म्हणजे घाटात उलटी नको म्हणून नाश्ता नाही, सारखी शू लागून गाडी थांबवायला नको म्हणून पाणी बेताचं, आणि रडला की बिस्किटाचा पुडा. शिवाय पहाटे चारला उठवून गाडीत टाकलेला, त्यामुळे सकाळचं आजी-स्टूल-कमोड हे प्रकरण त्या दिवशी झालंच नाही. एक दिवस चुकला तर काही बिघडत नाही, पण तिथे पोचल्यावर पुढचे दिवस पण चुकत गेले.

मावशीचं घर मोठं, दहाबारा माणसं जमलेली, पोरांची ही झुंबड. संडास दोन, एक घरातला नवा पण तो सकाळी कायम कोणीतरी अडवलेला, आणि दुसरा मागल्या दारी, जांभ्याच्या भिंतींचा, भारतीय पद्धतीचा, आत दिवा मिणमिणता. सोनू आयुष्यात कधी उकिडवा बसून शीला गेला नव्हता, बिल्डिंगमधल्या मुलांचं हेच आहे. पहिल्या सकाळी मोठ्या चुलतभावाबरोबर त्याला मागल्या दारी पाठवला तर भांड्यात बेडूक. तो किंचाळत तसाच चड्डी हातात धरून बाहेर आला आणि अंगणातली सगळी पोरं हसली, मोठी माणसंपण हसली, हसण्यासारखंच होतं म्हणा ते. फक्त त्यानंतर तो तिकडे फिरकला नाही. विचारलं की 'नाही लागली' म्हणायचा आणि परत खेळायला पळायचा.

आता शरीरात काय चालू होतं ते बघा. मोठ्या आतड्याचं एक मुख्य काम पाणी शोषून घेणं, शी जितके दिवस आत राहील तितकी ती कोरडी, कडक आणि जाड होत जाते. वर मे महिना, कोकणातला घामटा, दिवसभर अंगणात धुडगूस, पाण्याची आठवण कोणाला. सगळे म्हणत होते आंबे खाऊन उष्णता झाली. आंब्याला फुकट बदनाम केलंय, आंब्यात चोथा असतो आणि पाणीही, त्याने शी अडत नाही. खाण्यात तसं वावगं काहीच नव्हतं, घावणे, आंबोळ्या, भात-आमटी, केळी सगळं पोटात जात होतं. खाणं जात होतं आणि बाहेर काही येत नव्हतं, एवढाच प्रॉब्लेम.

चौथ्या की पाचव्या दिवशी पोट दुखायला लागलं. मग घरातल्या बायकांचं वैद्यकशास्त्र सुरू झालं, आधी मनुकांचं पाणी, मग एरंडेल चमचाभर, ते त्याने थुंकलं, आणि शेवटी विड्याच्या पानाचं देठ तेलात बुडवून. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ते देठ शीच्या जागी आत सारतात, साबणाची कांडी पण सारतात, आपल्याकडे पिढ्यानपिढ्या चालत आलेला उपाय आहे आणि त्याने कधीकधी होतंही. इथेही झालं. पण कसं, तर दोन बायकांनी हातपाय धरलेले, सोनू ओरडतोय, अंगणात सगळे जमलेत, आणि मग भलीमोठी कडक शी, तिच्यावर रक्ताची रेघ. मावशी म्हणाल्या, सुटला बाबा एकदाचा. सगळ्यांनी हुश्श केलं.

माझ्या मते केस खरी तिथे सुरू झाली. बेडूक वगैरे निमित्त. साडेचार वर्षांच्या मुलाच्या डोक्यात त्या दुपारी एक हिशोब पक्का बसला की शी केली की दुखतं, रक्त येतं आणि लोक आपल्याला धरून ठेवतात. त्यामुळे त्याने अगदी शहाणपणाचा निर्णय घेतला, की करायचीच नाही.

घरी परत आल्यावर कमोड तोच, आजी तीच, स्टूलही तेच, पण सोनू बसेना. आईने मोबाईलवर एक व्हिडिओ काढला होता तो तिने क्लिनिकमध्ये दाखवला आणि तो मला अजून डोळ्यासमोर आहे. हॉलच्या पडद्यामागे तो उभा, चवड्यांवर, पाय एकमेकांत आवळलेले, एका हाताने सोफ्याची कड घट्ट धरलेली, चेहरा लालबुंद, कपाळावर घाम, दोनेक मिनिटं थरथरत तसाच, आणि मग एकदम सैल पडून खेळायला. घरच्यांना वाटायचं बिचारा केवढा जोर करतोय तरी होत नाहीये. जोर तो करत होता पण उलट्या दिशेने, आत धरून ठेवायला! कळ आली की सगळे स्नायू आवळायचे, कळ ओसरेपर्यंत तग धरायचा. तुमच्याकडे कोणी पडद्यामागे, टेबलाखाली, दाराच्या कोपऱ्यात जाऊन असं लाल होत असेल तर आधी हे डोक्यात येऊ द्या.

जूनमध्ये शाळा सुरू झाली, ज्युनिअर केजी. दुसऱ्याच आठवड्यात चड्डीला डाग लागायला लागले, पातळ, घाण वासाचे, दिवसातून तीन-चार वेळा. घरी निदान झालं जुलाब. झालं, दूध-पोळी बंद, मऊ भात, दही, केळं, आणि कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून जुलाब थांबायचं सिरप. शाळेतून वहीत चिठ्ठी आली की मुलाला टॉयलेट ट्रेनिंग नीट द्या, इतर पालक तक्रार करतात. आत्याने फोनवर दृष्ट काढायला सांगितली. बाबांचं म्हणणं, बहीण आल्यामुळे लक्ष वेधून घ्यायचा प्रकार आहे. आईला तर वाटायला लागलं होतं की हा मुद्दाम करतो, कारण 'अरे तुला कळत नाही का' विचारलं की तो निर्विकारपणे नाही म्हणायचा. आणि त्यावरून त्याला दोनदा फटके पण बसले, हे सांगताना ती रडली.

पण तो खरं बोलत होता, त्याला खरंच कळत नव्हतं. गुदाशयात, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात, शी साठून साठून तो भाग ताणला जातो, आणि ताणलेलाच राहिला की 'लागली' हा निरोप मेंदूकडे नीट जातच नाही. वरून येणारी नवी पातळ शी मग त्या घट्ट गोळ्याच्या कडेकडेने, मोरीच्या तोंडाशी दगड अडकल्यावर पाणी कसं बाजूने झिरपतं, तशी झिरपते आणि चड्डीत येते. म्हणजे दिसायला जुलाब आणि मुळात बद्धकोष्ठ. याच्यावर जुलाब थांबवायचं औषध म्हणजे बंद दाराला बाहेरून कडी. अशा मुलाला घाणेरडा, आळशी, मुद्दाम करणारा म्हणून जे ऐकावं लागतं ना ते ऐकून मला दरवेळी चीड येते, कारण यातलं काहीच त्याच्या ताब्यात नसतं.

क्लिनिकला ते जुलैत आले आणि तेही 'जुलाब थांबत नाहीत' म्हणून. डॉक्टरांनी पोट तपासलं, डावीकडे खाली बोटांना गोळा लागत होता. मग प्रश्न. जन्मल्यावर पहिली काळी शी ४८ तासांच्या आत झाली होती का, पहिल्या महिन्यापासूनच त्रास होता का, उलट्या हिरव्या होतात का, वजन-उंची वाढतेय का, चालताना पाय लुळे वाटतात का, पोट फुगून टम्म राहतं का. पाठीचा कणा आणि पाय बघितले, वाढीचा तक्ता बघितला. यातलं काही असतं तर रस्ता वेगळा झाला असता, हिर्शस्प्रंगसारखे जन्मजात आजार असतात, थायरॉईड असतं, त्याच्या तपासण्या कराव्या लागतात. इथे एकही धोक्याची खूण नव्हती, त्यामुळे ना एक्सरे, ना सोनोग्राफी, ना रक्त. बाबा जरा नाराज झाले, एवढ्या लांब आलो आणि एकही टेस्ट नाही! पण हे बरोबरच होतं, याला फंक्शनल कॉन्स्टिपेशन म्हणतात, म्हणजे अवयवात बिघाड नाही, आणि मुलांमधल्या बद्धकोष्ठाच्या बहुतेक केसेस याच असतात. निदान हकीकत आणि तपासणीवरच होतं. निकषांमध्ये आठवड्याला दोन किंवा कमी वेळा शी, धरून ठेवणं, दुखणं, चड्डीत लागणं असं सगळं येतं, आणि एक मजेशीर निकष म्हणजे कमोड तुंबेल एवढी मोठी शी. तो डॉक्टरांनी विचारल्यावर आजी पटकन म्हणाल्या, 'अहो दोनदा प्लंबर बोलावलाय.' घरच्या कोणालाही तोपर्यंत त्याचा याच्याशी संबंध वाटला नव्हता.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून झिरपण्याचा प्रकार समजावला आणि मग मला म्हणाले, आहाराचं तुम्ही बघा.

इथे मला माझ्याच धंद्याविरुद्ध बोलावं लागतं. लोकांना बद्धकोष्ठ म्हटलं की फायबर आठवतं आणि आहारतज्ज्ञ म्हणजे फायबरवाली बाई. सोनूची आई वही-पेन घेऊन बसली, पपई किती, पालक किती, इसबगोल दुधातून द्यायचं का. मी इसबगोल सरळ नाही म्हणून सांगितलं. आत आधीच गोळा अडकलाय, त्याच्या मागे अजून चोथा भरून काय साधणार, पोट अजून फुगणार. फायबर वयाला लागतं तेवढं हवंच, पण वरून जास्तीचं ओतल्याने अडकलेली शी सुटते असा काही पुरावा नाही. आणि या मुलाचं दुखणं ताटात नव्हतंच, भीतीत होतं.

तरी ताटात एक गोष्ट सापडली. दूध. सकाळी एक मग, शाळेतून आल्यावर एक, झोपताना एक, आणि मग म्हणजे चांगला मोठा, हिशोब केला तर पाऊण लिटरपर्यंत जात होतं. 'जेवत नाही ना, मग निदान दूध तरी' हे आपलं घरोघरचं गणित, पण एवढं दूध पोटात गेल्यावर पोळी-भाजीला जागा कुठून राहणार. या वयाला अर्धा लिटरच्या आत पुष्कळ झालं. रात्रीचा मग बंद केला, दुपारच्या जागी फळ, बिस्किटाऐवजी पोळीचा लाडू की गूळ-तूप पोळी, पाण्याची बाटली त्याच्या हाताला येईल अशी खालच्या फळीवर. माझं काम एवढंच, पाच मिनिटांत संपलं, उरलेला वेळ मी औषधाबद्दल बोलण्यात घालवला कारण खरी अडचण तिथे येणार हे माहीत होतं.

औषध पॉलिइथिलीन ग्लायकॉल, थोडक्यात पेग. पावडर असते, पाण्यात विरघळते, फारशी चव नसते. ती आतड्यातून जवळपास शोषलीच जात नाही, पाणी धरून ठेवते आणि शी मऊ राहते, बस. एक वर्षावरच्या मुलांना हेच पहिल्या पसंतीचं औषध आहे, इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सच्या पोटविकार शाखेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही तसंच आहे. उपचाराचे टप्पे दोन. आधी मोठा डोस देऊन अडकलेलं सगळं बाहेर काढायचं, मग छोटा डोस रोज, महिनोन् महिने. डोस वजनावर ठरतो, त्यामुळे मी इथे आकडे देत नाहीये आणि तुम्हीही कोणाच्या अनुभवावरून घेऊ नका.

पहिला टप्पा शुक्रवारी संध्याकाळी सुरू केला, शनिवार-रविवार घरी म्हणून, सोमवारची शाळा पण बुडवायची तयारी ठेवून. मी आधीच सांगून ठेवलं होतं की आधी गळणं वाढेल, घाबरू नका, जुन्या चादरी काढून ठेवा, डायपर घातला तर घाला, मागे गेला असं काही नसतं. तरी शनिवारी रात्री आजींचा फोन आलाच, अहो हे तर नळ सोडल्यासारखं चाललंय, बंद करू का. नाही म्हटलं, पाणी पाजत राहा, उलट्या किंवा पोट टम्म झालं तर लगेच डॉक्टर. रविवारी दुपारी गोळा पडला. आईने फोटो पाठवला (हो, माझ्या व्हॉट्सॲपवर असले फोटो असतात, नवरा माझ्या फोनला हात लावत नाही). पुढे दोन दिवस निघतच होतं, एवढं त्या लहानशा पोटात मावलं कुठे हा आजींचा प्रश्न अजून कायम आहे.

आणि चड्डीचे डाग थांबले. पोरगा जेवायला लागला, चिडचिड गेली, रात्री झोपेत दात खायचा तेही कमी झालं असं आई म्हणते, त्याचं मी काही सांगू शकत नाही.

मग तेच झालं जे बहुतेक घरांत होतं. दोनेक आठवडे छान गेले, रोज मऊ शी, आणि बाबांनी पावडर बंद केली. कारण काय तर सवय लागेल. आपल्याकडे औषध म्हणजे बरं वाटलं की थांबवायची वस्तू, आणि पोट साफ व्हायच्या औषधाची तर सवय लागतेच ही सगळ्यांची खात्री, घरातल्या म्हाताऱ्यांना वर्षानुवर्षं चूर्ण घेताना बघितलेलं असतं ना. पण पेग आतड्याला ढोसून काम करून घेणाऱ्यातलं नाही. आणि बाबांनी जे बघितलं नाही ते असं की शी मऊ होत होती ती औषधामुळे, ताणलेला गुदाशय अजून तेवढाच ढिला होता आणि डोक्यातली भीतीही तशीच होती. गणपतीत पाहुणे, मोदक, दिवसभर गडबड, दोन दिवस गेला नाही, तिसऱ्या दिवशी कडक झाली, दुखली. पडदा परत सुरू. ऋषिपंचमीच्या दुसऱ्या दिवशी चड्डीत डाग.

दुसऱ्यांदा आले तेव्हा डॉक्टरांनी बाबांना समोर बसवून सांगितलं की औषध कमीत कमी दोन महिने, आणि सगळी लक्षणं पूर्ण थांबून एक महिना झाल्याशिवाय कमी करायला सुरुवातही नाही, आणि कमी म्हणजे हळूहळू, एकदम बंद नाही. पुष्कळ मुलांना सहा महिने, वर्ष, त्याहून जास्तही लागतं. बाबांनी विचारलं वर्षभर देऊन किडनीला काही नाही ना. योग्य डोसमध्ये दीर्घकाळ दिल्याचा चांगला अनुभव आहे असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि वर हेही, की ताणलेलं आतडं तसंच ठेवण्याचे तोटे तुम्ही बघितलेतच. माझ्या मते या आजारात औषध लागू पडत नाही असं क्वचितच होतं, ते वेळेच्या आधी बंद केलं जातं, पुन्हा पुन्हा.

औषधाइतकंच महत्त्वाचं बसणं. जेवल्यावर पोट भरलं की मोठं आतडं आपोआप हालचाल करतं, हा निसर्गाचा रिफ्लेक्स आहे, त्याचा फायदा घ्यायचा. नाश्ता झाल्यावर आणि रात्री जेवल्यावर पाच मिनिटं कमोडवर, शी होवो न होवो. पायाखाली आधार पाहिजे, लोंबकळत्या पायांनी मोठ्या माणसालाही होत नाही. गुडघे कमरेच्या वर आले पाहिजेत म्हणून यांनी जेवायचे दोन पाट एकावर एक ठेवले, ते सरकायचे, मग आजींनी आपलंच दारातलं प्लास्टिकचं स्टूल दिलं आणि स्वतः खुर्ची आणून बसायला लागल्या. बसल्यावर फुगा फुगवायचा किंवा साबणाचे फुगे उडवायचे, त्यात पोटाचा जोर आपसूक लागतो आणि मुलाला 'जोर कर जोर कर' ऐकावं लागत नाही. कॅलेंडरवर चांदणी चिकटवायची ती बसल्याबद्दल. झाल्याबद्दल नाही, कारण बसणं त्याच्या हातात आहे, होणं नाही.

सगळ्यात अवघड गेलं ते घरच्यांना गप्प बसणं. ऑफिसमधून आल्याआल्या बाबा 'आज झाली का', आत्याचा फोन 'झाली का', शेजारच्या काकूंना पण अपडेट. दीड वर्षाची बहीण बोबडं 'शी झाई?' विचारायला लागली तेव्हा आईच्या लक्षात आलं की आपल्या घरात दुसरा विषयच नाहीये. मग फ्रिजच्या बाजूला एक कागद लावला, त्यावर आजी फक्त नंबर लिहिणार. ब्रिस्टल स्केल म्हणून तक्ता आहे, ब्रिस्टलच्या डॉक्टरांचा, १ म्हणजे सुट्या कडक लेंड्या आणि ७ म्हणजे नुसतं पाणी, ३-४ आलं की छान, मऊसर ५ पण चालेल. आजींना तो फार आवडला. तोंडाने विचारायचं बंद झालं आणि कागद बघून सगळ्यांना कळायला लागलं.

दिवाळीत आजोळी नागपूरला जायचं होतं, रात्रीची ट्रेन. आई घाबरलेली, जाऊच नये म्हणत होती. मी म्हटलं जा, फक्त औषध कोणत्याही कारणाने बंद नाही, प्रवासात तर नाहीच, पावडर एकेका दिवसाची मोजून पुड्यांत बांधून पर्समध्ये, मोठ्या बॅगेत नाही. पाणी तोडायचं नाही, शूला नेऊ चारदा. कमोडवर ठेवायची घडीची सीट बरोबर घेतली. ट्रेनच्या संडासात सकाळी त्याने आत पाऊल टाकलं, खालून येणारा तो खडखडाट ऐकला आणि मागे फिरला. आईने बरं म्हटलं आणि परत बर्थवर आणून बसवलं, एवढंच. गुहागरला कोणी 'बरं' म्हटलं नव्हतं.

घरी पोचल्यावर दारातच सगळे गळाभेटी घेत होते, स्वयंपाकघरात तर्रीपोह्यांची तयारी. आईने सोनूला दोन घास खायला घालून थेट बाथरूममध्ये नेलं, घडीची सीट, पायाखाली उलटी बादली, दार लोटून बाहेर बसली. आजोबा बाहेरून 'अरे काऊन लपला, ये ना' करून हाका मारत होते त्यांना तिथल्या आजीने गप्प केलं. त्या दिवशी नाही झाली. दुसऱ्या दिवशी नाश्त्यानंतर झाली, नंबर ४, आणि तो स्वतः बाहेर येऊन आजोबांना सांगून आला. नोव्हेंबरची संत्री चाललेली होती, दिवसाला चार-पाच खायचा, ते चांगलंच.

सगळं गोड झालंय असं नाही. शाळेत तो अजूनही जात नाही. तिथल्या टॉयलेटच्या दाराला कडी नाही आणि मोठ्या वर्गातली मुलं ढकलून आत येतात, हे त्याने स्वतः आजीला सांगितलं, कोणी विचारलं नव्हतं. आई वर्गशिक्षिकेला डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन भेटली, बाईंनी सांभाळून घेतलं, मधल्या सुट्टीच्या आधी त्याला एकट्याला पाठवतात, मावशी दारात उभ्या राहतात. शूला जातो, शीला नाही. घरी सकाळी होऊन जात असल्यामुळे सध्या निभतंय. जानेवारीत ताप आला, तीन दिवस खाणंपिणं बंद, लगेच नंबर २ वर गेलं, डॉक्टरांनी डोस थोडा वाढवून परत खाली आणला. पडद्यामागे एकदा गेला तेव्हा. आजी काही बोलल्या नाहीत, बाथरूमच्या दाराशी जाऊन खुर्चीत बसल्या आणि तो थोड्या वेळाने आपणहून आला.

आता डोस पहिल्यापेक्षा कमी आहे. बाबा पुन्हा विचारायला लागलेत, कधी बंद करायचं. डॉक्टरांचं म्हणणं, पुढची कपात उन्हाळ्याची सुट्टी लागल्यावर, मुलगा घरी असताना आणि रोजचं बसणं चालू असताना करू, म्हणजे काही बिघडलं तर सावरायला वेळ राहील. जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या तोंडावर अजिबात नाही. बाबांनी ते कॅलेंडरवर लिहून घेतलंय, आणि आजींनी त्याच्याखाली पेन्सिलने लिहिलंय, 'मला विचारल्याशिवाय नाही.'